जेनेरिक गोळ्यांनी आतड्यातले चांगले जंतू मरतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की आई कणकवलीला असते, तिची शुगरची मेटफॉर्मिन आधी नेहमीच्या मेडिकलमधून ब्रँडची यायची, आता जनऔषधीतून, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त जेनेरिक औषधांच्या दुकानातून, आणता, आणि तेव्हापासून तिला गॅस आणि पातळ शौचाला होतंय, वर शेजारच्या काकांनी ठामपणे सांगितलंय की जेनेरिकमध्ये कसलंतरी केमिकल असतं त्यानं पोटातले चांगले जंतू मरतात. मी ह्याच भानगडीवर काम करते, म्हणजे गोळी पोटात गेली की आतड्यातले जंतू तिचं काय करतात आणि ती जंतूंचं काय करते, आणि घर माझंही तुमच्याच बाजूला, आचऱ्याजवळ, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे, सांभाळून घ्या.

आधी कामाचं. आईची जुनी स्ट्रिप असेल तर शोधा आणि नवीच्या शेजारी ठेवून बघा, मेटफॉर्मिनच्या पुढे एसआर, ईआर, एक्सआर किंवा प्रोलाँग्ड रिलीज असं काही लिहिलंय का. माझी शंका अशी की जुनी गोळी एसआर होती आणि नवी साधी आलीय. औषध तेच, मिलिग्रॅम तेच, पण साधी गोळी पटकन विरघळते आणि सगळा डोस आतड्याच्या वरच्या भागात एकदम उतरतो, एसआर हळूहळू सुटते, आणि मेटफॉर्मिनचा पोटाला होणारा त्रास एसआरमध्ये बऱ्याच जणांना कमी होतो. जनऔषधीत दोन्ही प्रकार असतात, त्यामुळे काउंटरवर नुसतं "मेटफॉर्मिन ५०० द्या" म्हणू नका, चिठ्ठीच दाखवा. आणि दोन्ही स्ट्रिपांवर तेच लिहिलेलं निघालं तर मग डॉक्टरांना विचारा, डोस वाढलाय का, जेवणाआधी घेतेय का, मध्ये दुसरं काही चालू झालंय का.

आता जंतू. काकांचं एक बरोबर आहे, मेटफॉर्मिननं जंतू बदलतात, पण ते जेनेरिकनं आणि ब्रँडनं सारखेच बदलतात कारण रेणू एकच आहे. तोंडावाटे घेतलेल्या मेटफॉर्मिनपैकी साधारण निम्मंच रक्तात जातं, उरलेलं आतड्यात राहतं, त्यामुळे आतड्याच्या भिंतीत त्याचं प्रमाण रक्ताच्या कितीतरी पट असतं. २०१५ साली 'नेचर'मध्ये एक मोठं काम आलं त्यात तर असं निघालं की डायबेटीसवाल्यांचे जंतू वेगळे असतात म्हणून आधी जे सांगितलं जात होतं त्यातला बराचसा फरक डायबेटीसचा नव्हताच, मेटफॉर्मिनचा होता. म्हणजे आमच्या क्षेत्रातले लोक गोळीच्या खुणा रोगाच्या नावावर लिहीत होते. आणि हे बदल सगळे वाईटही नाहीत, २०१७ मध्ये मेटफॉर्मिन घेणाऱ्या माणसांचे जंतू जंतुविरहित उंदरांत सोडले तर उंदरांची साखर जास्त चांगली सांभाळली गेली. म्हणजे औषधाचा थोडा गुण कदाचित जंतूंमार्फतच येतो.

ह्या कामासाठी लोकांच्या शौचाचे नमुने लागतात आणि ते मागायला घरोघर जाणं हा एक वेगळाच अनुभव आहे. मालवण बाजूला एका आजींनी डबी हातात घेऊन विचारलं, "ह्याचा काय करतलंस गो, लोणचा घालतलंस?" आणि अख्खी पडवी हसली. पण ह्या फिरण्यात लोक जे सांगतात ते कुठल्या फॉर्मवर येत नाही. एक काकू अगदी हळू आवाजात म्हणाल्या की बाई, ही स्वस्तातली गोळी विरघळतच नाही, तशीच्या तशी बाहेर पडते, मी डोळ्यांनी बघितली. ती एसआर मेटफॉर्मिन होती. त्या गोळीचा सांगाडा असा बनवलेला असतो की औषध त्यातून झिरपून जातं आणि रिकामं टरफल शौचातून पडतं, ब्रँडच्या एसआरचंही तेच होतं. पण ब्रँडच्या वेळी कोण वाकून बघतो! त्यांनी त्या भीतीपायी गोळीच बंद केली होती, आणि हे मला जास्त वाईट वाटतं.

दुसरं म्हणजे आपण ज्याला ब्रँड म्हणतो तेही भारतात बहुतेक वेळा जेनेरिकच असतं, मूळ पेटंट संपलेलं औषध कुठलीतरी कंपनी आपलं नाव घालून विकते एवढंच. जंतूंना वेष्टन दिसत नाही. त्यांना काय दिसतं ते सांगते. २०१८ मध्ये जर्मनीतल्या एका गटानं हजारावर औषधं आतड्यातल्या ४० प्रकारच्या जंतूंवर टाकून बघितली, अँटिबायोटिक नसलेल्या, माणसाच्या शरीरावर काम करणाऱ्या औषधांपैकी २४ टक्क्यांनी निदान एका तरी जंतूची वाढ रोखली. पुढच्याच वर्षी उलट बाजूनं बघितलं गेलं, तोंडावाटे घ्यायच्या २७१ औषधांपैकी १७६ औषधं कुठल्या ना कुठल्या जंतूनं रासायनिक रीतीनं बदलून टाकली. प्रयोगशाळेतल्या बशीत हो, पोटात तसंच्या तसं होईल असं नाही, पण अंदाज येतो.

मग जेनेरिक आणि जंतू ह्यांचा संबंध शून्य का? नाही, आणि इथे मला खरं तर डिगॉक्सिनची गोष्ट सांगायचीय, कारण ह्या विषयात ह्याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही. डिगॉक्सिन हे हार्टचं जुनं औषध, डोस कमी पडला तर उपयोग नाही आणि थोडा जास्त झाला तर विषबाधा, अशी अरुंद पट्टी. न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉन लिंडेनबॉम ह्यांनी १९७१ मध्ये त्याच त्या माणसांना वेगवेगळ्या कंपन्यांच्या डिगॉक्सिनच्या गोळ्या देऊन रक्त तपासलं, डोस सारखा, आणि पातळीत सात पटींपर्यंत फरक, अगदी एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही फरक. गोळी किती नीट विरघळते ह्यावर सगळं होतं. त्यानंतर विरघळण्याचे नियम कडक झाले. पण दहा वर्षांनी, १९८१ मध्ये, हेच लिंडेनबॉम दुसरी गोष्ट घेऊन आले, की साधारण दहातल्या एका रुग्णात आतड्यातले जंतू डिगॉक्सिनचं रूप बदलून त्याचा दम काढून टाकतात. अशा माणसांना एरिथ्रोमायसिन किंवा टेट्रासायक्लिन ही अँटिबायोटिक पाच दिवस दिल्यावर जंतूंचं ते काम थांबलं आणि काहींच्या रक्तातलं डिगॉक्सिन दुपटीपर्यंत चढलं. आणि ह्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे जंतूंनी सगळ्यात जास्त नासवलं ते नीट न विरघळणाऱ्या गोळीतलं. कारण सरळ आहे, चांगली गोळी वरच्या आतड्यातच शोषली जाते, रेंगाळणारी खाली मोठ्या आतड्यापर्यंत पोचते आणि तिथे तर जंतूंची जत्राच भरलेली. म्हणजे गोळीचा दर्जा आणि पोटातले जंतू हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच, एकाच प्रश्नाची दोन टोकं आहेत.

डिगॉक्सिन नासवणारा तो जंतू म्हणजे एगर्थेला लेंटा, त्याच्यातही सगळ्या जाती हे करत नाहीत, २०१३ मध्ये संशोधक पीटर टर्नबॉ ह्यांच्या गटानं त्यामागची जनुकं शोधली आणि आर्जिनिन नावाचं अमायनो आम्ल भरपूर मिळालं तर जंतू डिगॉक्सिनकडे वळत नाही हेही दाखवलं. उंदरांना जास्त प्रोटीन खायला दिलं तर औषध वाचलं. ह्यावरून कोणी लगेच कुळथाची पिठी आणि बांगडे हार्टच्या औषधाला पूरक म्हणून सांगायला जाऊ नका, उंदीर आहेत ते. (बांगडे तसेच खा.)

केमिकल म्हणजे काकांना बहुतेक गोळीतलं भरताड म्हणायचं असेल, लॅक्टोज, स्टार्च, रंग वगैरे. तो मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. १९६८ मध्ये ऑस्ट्रेलियात फिटच्या फेनिटॉइन कॅप्सूलमधलं कॅल्शियम सल्फेट बदलून लॅक्टोज घातलं तर औषध जास्त शोषलं जाऊन कितीतरी रुग्णांना विषबाधेची लक्षणं आली, आणि ती काही जेनेरिक-ब्रँडची भानगड नव्हती, नुसतं भरताड बदललं होतं. २०२० च्या एका कामात असंही दिसलं की गोळ्यांतले काही खाण्याचे रंग आतड्यातून औषध आत नेणारी एक वाट अडवतात आणि जंतू ते रंग फोडून वाट मोकळी करतात, म्हणजे इथे जंतू आपल्या बाजूनं! पण एका गोळीतल्या लॅक्टोजनं आईला जुलाब होतील ह्यावर माझा विश्वास नाही, ते काही शे मिलिग्रॅम असतं आणि दूध न पचणाऱ्यांनाही साधारण १२ ग्रॅमपर्यंत बहुधा चालतं. सॉर्बिटॉलवाली सिरपं मात्र पोट ढिलं करतात.

व्हॉट्सॲपवर फिरतं ना की जेनेरिकमध्ये २० टक्के औषध कमी असलं तरी चालतं, ते चूक आहे. ही अफवा जिच्यावरून निघते ती जेनेरिकच्या मान्यतेची ८० ते १२५ टक्के ही मर्यादा गोळीतल्या औषधाची नाही, रक्तात किती पोचलं त्याची तुलना करताना जो अनिश्चिततेचा पट्टा निघतो तो अख्खा ह्या आत बसावा लागतो. अमेरिकेत अशा २,०७० चाचण्या एकत्र बघितल्या तर मूळ औषधात आणि जेनेरिकमध्ये सरासरी फरक ३.५ टक्क्यांच्या आसपास निघाला. आपल्याकडे सगळं इतकं गुळगुळीत नाही हे मी मान्य करते, केंद्राची औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला निकष न पाळणाऱ्या औषधांची यादी काढते, पण ती यादी उघडून बघा, त्यात नावाजलेले ब्रँडही असतात.

म्हणून माझं मत असं की शुगर-बीपीच्या नेहमीच्या गोळ्या बिनधास्त जनऔषधीतून घ्या. डिगॉक्सिन, थायरॉइडची थायरॉक्सिन, फेनिटॉइन, रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन ह्या चारांच्या बाबतीत मात्र जी कंपनी लागू पडलीय ती दर महिन्याला बदलत राहू नका, स्वस्तातली घेतलीत तर तीच धरून ठेवा, आणि बदलावीच लागली तर डॉक्टरांना कळवा म्हणजे ते रक्त तपासतील. प्रोबायोटिकच्या, म्हणजे चांगले जंतू भरलेल्या, महागड्या कॅप्सूल मेडिकलवाला सोबत चिकटवेल, त्या आईला ह्या त्रासासाठी द्यायची मला काही गरज दिसत नाही. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर त्या पैशात बी-१२ तपासून घ्या, ते कमी होतं.

आणि एक, तुम्ही सिंधुदुर्गातले म्हणून. लावणीच्या दिवसांत लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतानं दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) आठवड्याला डॉक्सीसायक्लिनची गोळी देतात, ती सांगितली असेल तर नाकारू नका, लेप्टो जीव घेतो. पण घरात कोणाला डिगॉक्सिन चालू असेल तर गोळी देणाऱ्या ताईंना आणि डॉक्टरांना ते आधी सांगा, कारण डॉक्सी टेट्रासायक्लिनच्याच कुळातली आहे. आईची स्ट्रिप बघून काय लिहिलंय ते खाली टाका.