मोटरहोमचा पांढरा रंग खडूसारखा झालाय. फरशीचं पॉलिश मारावं, बफिंग करावं की सरळ रंगवून घ्यावी?

फरशीचं पॉलिश मारू नका.

ॲरिझोनातल्या फीनिक्समध्ये तुम्ही २००५ ची क्लास सी (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली मोटरहोम) घेतलीत, ड्रायव्हरच्या बाजूला हात फिरवला की तळहात पांढरा होतो, आणि कुणीतरी अ‍ॅक्रिलिकचं फरशी पॉलिश ४-५ हात मारायला सांगितलंय, असं तुम्ही लिहिलंय. असा एक 'कुणीतरी' प्रत्येक घरात असतो. आमच्याकडे दाजी आहेत.

आधी ते पीठ कसलं ते बघू. गाडीच्या फायबरग्लासच्या भिंतींवर सगळ्यात वर जेलकोट असतो, म्हणजे रंगद्रव्य घातलेलं पॉलिएस्टर रेझिन. उन्हातले अतिनील किरण वरचं रेझिन तोडतात, रंगद्रव्याचे कण मोकळे होतात आणि पृष्ठभाग खरखरीत होऊन प्रकाश विखुरतो. म्हणून पांढरट दिसतं. त्यावर पाणी मारा, ओलं असेपर्यंत मूळ रंग परत येईल, कारण पाण्याने खाचा भरल्या जातात. फरशीचं पॉलिश म्हणजे तेच पाणी, फक्त न वाळणारं. चमक येते ती भरावाची. खालचं खराब झालेलं रेझिन जिथल्या तिथेच राहतं.

दाजींच्या २९ फुटी मोटरहोमवर हेच झालं. मारल्या दिवशी गाडी शोरूममधून आल्यासारखी दिसत होती आणि फोटो सगळ्या नातेवाइकांना गेले. पण खालचं पीठ पुरतं निघालेलं नव्हतं, म्हणजे थर पिठावर बसला, जेलकोटवर नाही. ॲरिझोनाच्या उन्हात आधी दक्षिणेकडची बाजू पिवळी पडली. मग खिडक्यांच्या कडेने पाणी आत शिरलं, तिथे दुधाळ डाग आले आणि नखाने सोलता येतील असे पापुद्रे सुटले. आता यावर कंपाउंडही (बफर म्हणजे फिरत्या पॅडच्या मशीनने घासायची खरखरीत पेस्ट) चालत नाही. बफरच्या उष्णतेने अ‍ॅक्रिलिक मऊ होतं आणि पॅडला चिकटून गोळे होतात.

ते काढायला फरशीचा थर काढणारं अमोनियायुक्त स्ट्रिपरच लागतं. सावलीत, ३-४ फुटांचा पट्टा घेऊन खालून वर लावायचं, ५ ते १० मिनिटं ओलं ठेवायचं, पांढऱ्या नायलॉन पॅडने घासायचं आणि वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुवायचं. वाळलं की पुन्हा तसंच घट्ट बसतं. ॲल्युमिनियमच्या खिडक्यांवर आधी टेप लावा, अल्कलीने त्या काळवंडतात. आणि जवळपास ब्लीच नको, अमोनियाशी मिसळलं की विषारी वायू होतो. हे दोन्ही बाजूंना आणि तेही दोनदा करावं लागलं. एवढ्या मेहनतीत पहिल्यांदाच नीट बफिंग झालं असतं, हे दाजींना कोण सांगणार? जावईमाणूस.

आता बफिंगचं. गाडी धुऊन घ्या, काळे ओघळ खास क्लीनरने आणि तपकिरी डाग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पावडरीने काढा. स्टिकर, रबर आणि सीलंटवर मास्किंग टेप. रोटरी बफर, लोकरीचं पॅड, जेलकोटसाठीचं मरीन कंपाउंड. गाड्यांच्या रंगाचं सौम्य कंपाउंड आणि फोमचं पॅड इथे नुसतं फिरत राहतं, जेलकोट कडक असतो. २ बाय २ फुटांचा चौकोन घ्यायचा, कंपाउंड कमी वेगाने पसरायचं, मग १२०० ते १५०० आरपीएम, पॅड जवळजवळ सपाट, हात सतत फिरता. एकाच जागी थांबलात तर जेलकोट करपून पिवळा पडतो. कंपाउंड सुकून धूळ उडायला लागली तर पाण्याचा बारीक फवारा मारा. पॅड दर चौकोनानंतर ब्रशने साफ करा; भरलेल्या पॅडने काप कमी होतो आणि उष्णता वाढते. बहुतेक लोक इथेच कंटाळून 'कंपाउंड बेकार आहे' म्हणतात.

२९ फुटीच्या एका बाजूला साधारण ५० चौकोन होतात. प्रत्येकी ५ मिनिटं धरा, म्हणजे ४ तास नुसतं मशीन. पॅनल हाताला गरम लागत असेल तर सुरूच करू नका. तुमच्याकडे उन्हाळ्यात याचा अर्थ पहाटे.

प्रत्येक चौकोन झाला की निम्मं आयसोप्रोपिल अल्कोहोल, निम्मं पाणी घेऊन पुसा. कंपाउंडमधलं तेल निघून जातं आणि खरी चमक उरते. ती पुन्हा धूसर झाली तर काम अर्धवट आहे. तिथे वॉटर पेपर, १००० नंबरचा, १५००, मग २०००, ओल्यानेच, आणि परत कंपाउंड. शेवटी बारीक पॉलिश आणि पॉलिमर सीलंट किंवा कार्नौबा वॅक्स. वाळवंटी उन्हात वॅक्स ३-४ महिन्यांनी परत लावावं लागतं. न बफ केलेल्या जेलकोटवर वॅक्स लावणं हा दाजींचा पुढचा प्रयोग होता, त्याबद्दल बोलत नाही.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. हे सगळं जेलकोटचं. गाडीला वरून क्लिअरकोटचा (वर पारदर्शक थर असलेला) रंग असेल आणि त्याचे पापुद्रे निघत असतील, तर बफरने काहीच होत नाही, तिथे रंगकामच. पुढचा साच्यातला भाग जाड असतो, बाजूच्या सपाट पॅनलांवर थर पातळ असतो, म्हणून वॉटर पेपर तिथे जपून. कापडाला पांढऱ्या पिठाऐवजी काचेचे बारीक धागे लागत असतील किंवा धाग्यांची वीण दिसत असेल, तर घासायला जेलकोट उरलेलाच नाही. अशा पॅनलवर थर चढवणं योग्य, आणि एवढ्यापुरते दाजी बरोबर ठरतात. तडकलेले स्टिकर वाचवू नका, हीट गनने काढून टाका. खालचा रंग मात्र गडद निघेल, कारण त्याला ऊन लागलेलं नसतं, आणि ती आकृती बफिंगनेही पूर्ण जात नाही.

आणि रबरी छत असेल तर ते सगळ्यात आधी धुवा, तिथली पांढरी भुकटीच ओघळून भिंतींवर येते. त्यावर पेट्रोलियमचं सॉल्व्हंट अजिबात वापरू नका, रबर फुगतं.