एकही सामना न हरलेल्या कॉलेज संघाला बाउलचं आमंत्रण का मिळालं नसेल?

तुम्ही विचारलंय की १९५०च्या आसपास अमेरिकन फुटबॉलमध्ये सगळे सामने जिंकूनही एखादा कॉलेज संघ हंगामाअखेरच्या बाउल सामन्याला, म्हणजे निवडक संघांना बोलावून होणाऱ्या मानाच्या सामन्याला, मुकायचा, तो कसा, आणि आमंत्रणं ठरवायचं कोण. दुसऱ्या भागाचं उत्तर सोपं आहे. तेव्हा प्लेऑफ, म्हणजे अजिंक्य संघ ठरवणारी बाद फेरी, नव्हता. आयोजकांची समिती बसायची आणि हवा तो संघ बोलवायची. पहिल्या भागाचं उत्तर म्हणजे सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा १९५१चा संघ. नऊ सामने, नऊ विजय, आमंत्रण शून्य.

जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचं लहानसं कॉलेज, घरचं मैदान केझार स्टेडियम, प्रशिक्षक जो कुहारिच. हाफबॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, ऑली मॅटसन त्या वर्षी १,५६६ यार्ड धावला, देशात सगळ्यात जास्त. न्यूयॉर्कला जाऊन फोर्डहॅमला ३२-२६ हरवलं, त्या सामन्यात मॅटसनने दोनदा किकऑफ, म्हणजे समोरच्या संघाने लाथेने उडवलेला चेंडू, झेलून मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेला आणि थेट टचडाउन केला. बचावात जिनो मार्केटी आणि बर्ल टोलर. पॅसिफिक कॉलेजला त्यांच्या गावात ४७-१४ असं लोळवलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं की आता बाउल नक्की. शेवटच्या सामन्यात लोयोलाला २०-२.

मॅटसन आणि टोलर कृष्णवर्णीय होते. खेळाडूंनी पुढे अनेकदा सांगितलं, की मायामीच्या ऑरेंज बाउलचा निरोप आला होता, पण या दोघांना घरी ठेवून या, अशी अट होती. संघ नाही म्हणाला. मतदान नाही, चर्चा नाही. कॉलेजला फुटबॉलचा खर्च आधीच झेपत नव्हता, बाउलच्या पैशांवर कदाचित निभावलं असतं. तो हंगाम संपताच कॉलेजने फुटबॉलच बंद केला.

आता मी हे एवढं का लिहितोय ते सांगतो.

१९८४ साली मी कराडकडच्या एका कॉलेजच्या कबड्डी संघात होतो. कर्णधार माझा मामेभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो. आमचा उजवा कोपरा सांभाळणारा मुलगा असा होता, की त्याच्या हातात घोटा सापडला की चढाई करणारा सुटायचा नाही. जवळच्या एका गावच्या यात्रेत स्पर्धा होती. जेवणाची सोय गावातल्या एका मोठ्या घरी. दोन दिवस आधी निरोप आला, की त्या पोराला आणू नका, पंगतीला अडचण होईल. जात कुणी उच्चारली नाही, पण सगळ्यांना कळलं. दादा म्हणाला, एकासाठी अकरा जणांनी का थांबायचं? त्याला सांगितलं गेलं की या खेपेला तुला विश्रांती. त्याने मान हलवली आणि सायकल काढून गेला. आम्ही ट्रकमध्ये बसून गेलो. पंगतीत मीही जेवलो. ढाल जिंकून आणली. तो त्यानंतर सरावाला आला नाही, आणि त्याच्या घरी जायचं धाडस आमच्यातल्या एकानेही केलं नाही. मीही नाही.

या गोष्टीवरून दादाचं आणि माझं चाळीस वर्षं वाजतंय. त्याचं म्हणणं एकच: नकार दिला असता तर दुसरा संघ गेला असता, गाव काही बदललं नसतं. मी म्हणतो, गाव बदलण्याचा प्रश्नच नव्हता, आपला कोपरा कोण सांभाळतो हा प्रश्न होता. दादा खाशाबा जाधवांचा भक्त. गोळेश्वरच्या या पैलवानाने १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकात कांस्य आणलं ते तो डोळ्यांत पाणी आणून सांगतो. त्याच ऑलिम्पिकात मॅटसननेही ४०० मीटरला कांस्य आणि रिलेत रौप्य मिळवलं, हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला. ज्याला घरी ठेवा म्हणाले होते, तो हाच माणूस.

तुम्ही खेळत असाल किंवा कुणाला शिकवत असाल, तर माझं स्पष्ट मत आहे: असा निरोप आला की त्याच क्षणी नाही म्हणावं. 'विचार करून सांगतो' म्हटलं की ट्रक भरलाच समजा.

एक गोष्ट राहिली. आमंत्रण न मिळण्याला वर्णभेद हे एकच कारण होतं असं सगळे मानत नाहीत. संघाचे प्रतिस्पर्धी दुबळे होते, त्यात एक-दोन लष्करी तळांचे संघही होते, असं म्हणणारे आहेत, आणि त्यात तथ्य आहे. वर्णभेद कडक असलेल्या अमेरिकेच्या दक्षिणेतलं चित्रही हळूहळू हललं. १९५६च्या शुगर बाउलमध्ये पिट्सबर्गकडून बॉबी ग्रिअर हा कृष्णवर्णीय खेळाडू जॉर्जिया टेकविरुद्ध खेळला. जॉर्जियाच्या गव्हर्नरने टेकच्या संघाला रोखायचा प्रयत्न केला, तरी सामना झाला.

पण संघ दुबळा होता हे मला पटत नाही. त्यातले मार्केटी, मॅटसन आणि बॉब सेंट क्लेअर हे तिघे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत. टोलरचा गुडघा गेला, तो खेळाडू म्हणून पुढे गेला नाही, पण १९६५ साली एनएफएल या व्यावसायिक लीगचा पहिला कृष्णवर्णीय पंच झाला. २००६ मध्ये विद्यापीठाने हयात असलेल्या खेळाडूंना मानद डॉक्टरेट दिली.

आमच्या संघाचा ढालीसोबतचा फोटो मामाच्या ओसरीवर अजून आहे. त्यात अकरा जण आहेत. दादाला मी मागच्या दिवाळीत म्हटलं, तो काढ. त्याने अजून काढलेला नाही.