व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्या चित्रांतला ‘कॉमन मॅन’ कधी बोलत का नाही?

कारण तो साक्षीदार आहे. बोलते ती त्याची बायको, नाहीतर मंत्री आणि बाबू.

लक्ष्मण (१९२१–२०१५) मूळचे म्हैसूरचे, कादंबरीकार आर. के. नारायण यांचे धाकटे भाऊ. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने त्यांना प्रवेश नाकारला होता. ‘फ्री प्रेस जर्नल’नंतर ते ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आले आणि १९५१ पासून तिथे रोजचं छोटं चौकटचित्र काढू लागले.

सुरुवातीला सामान्य जनता दाखवायला ते वेगवेगळ्या प्रांतांतली बरीच माणसं चित्रात घालत. पण रोज छापायला द्यायचं चित्र, एवढी गर्दी वेळेत कशी व्हायची? गर्दी कमी होत होत एकच माणूस उरला: चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा, झुपकेदार मिशा, टक्कल.

त्याच्या तोंडी वाक्य घातलं की तो एका बाजूचा होतो. गप्प राहिला की वाचक स्वतःला त्याच्या जागी उभं करतो. अनुकरण करणारे नेमके इथेच चुकतात, त्याला शेरा मारायला लावतात.

लक्ष्मण यांनी कादंबरी आणि आत्मचरित्रही लिहिलं. मॅगसेसे पुरस्कार १९८४ चा, पद्मविभूषण २००५ चं.