वर्कबेंचचा सागवानी टॉप पायांना कसा जोडावा, म्हणजे तो तडकणार नाही?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात घरीच वर्कबेंच करताय. सागवानाच्या चार फळ्या चिकटवून दोन फूट रुंद टॉप तयार झालाय आणि आता तो खालच्या चौकटीला फेविकॉल आणि स्क्रू लावून कायमचा पक्का करायचाय. कृपा करून तेवढं करू नका. पक्का जरूर करा, पण पुढच्या कडेलाच. मागची कड सरकायला मोकळी हवी.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही. रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. श्रावणात चौकटीत घासणारं दार एप्रिलमध्ये आपोआप मोकळं होतं, ते यामुळेच. सागवान त्या मानानं शहाणं लाकूड, तरी त्यातला ओलावा एक टक्क्यानं बदलला की रुंदी साधारण ०.२ टक्के बदलते. मे ते ऑगस्ट चार टक्क्यांचा फरक धरा. दोन फुटांच्या टॉपला जवळपास ५ मिलिमीटर होतात, म्हणजे दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). फळीच्या टोकाकडून बघा: झाडाच्या वाढीच्या, वर्षाच्या रेषा उभ्या असतील तर हालचाल निम्म्यावर येते.

फळ्या एकमेकींना चिकटवल्यात ते बरोबरच आहे, सगळ्यांचे तंतू एकाच दिशेला, लांबीत आहेत. अडचण टॉपखालच्या आडव्या पट्टीशी येते. तिचे तंतू टॉपच्या तंतूंना आडवे, त्यामुळे ती त्या दिशेनं वाढत नाही की कमी होत नाही. दोघांना गोंदानं जखडलं की उन्हाळ्यात टॉप आक्रसू बघतो, पट्टी सोडत नाही, आणि टॉप उलतो. स्क्रू वाढवून हे थांबत नाही.

पुढची कडच का धरायची? लांब फळी उभी धरून रंधा मारताना टॉपची कड आणि पुढचे पाय एका पातळीत लागतात. लाकूड घट्ट धरणारा शिकंजाही तिथंच बसतो. सगळी हालचाल मागे गेली की कामात काही अडत नाही. माझ्या सांगलीतल्या बेंचवर मागच्या पायापाशी टॉपच्या कडेची पेन्सिलीनं रेघ मारून ठेवलीय. उन्हाळ्यात मारलेली ती रेघ ऑगस्टात टॉपखाली झाकली जाते.

आता भोकं. आडव्या पट्टीत पुढच्या बाजूला १० मिलिमीटरच्या बोल्टला नेमकं गोल भोक पाडा. मागच्या बाजूला लांबट, १० बाय २०. शेजारी शेजारी दोन भोकं पाडून मधला भाग पटाशीनं काढला की झालं. लांबी पुढून मागे जाणारी हवी, हे दोनदा तपासा. आत्ता कोरड्या दिवसांत बसवत असाल तर बोल्ट भोकाच्या पुढच्या टोकाशी ठेवा, कारण टॉप मागे वाढणार आहे. भर पावसात बसवलात तर उलट, मागच्या टोकाशी. मोठा वॉशर घाला, पट्टीला थोडं मेण चोळा आणि वॉशर घट्ट टेकला की थांबा. लाकडात रुतेपर्यंत पिळू नका. खाली लोखंडी अँगलचं स्टँड करून घेणार असाल तरी हेच, फॅब्रिकेटरला मागची भोकं लांबट पाडायला सांगा.

टॉपच्या दोन्ही टोकांना शोभेच्या आडव्या पट्ट्या चिकटवायची टूम हल्ली दिसते. बेंचला त्यांची गरज नाही, मी तरी लावणार नाही.

तेल किंवा पॉलिश वरून लावाल तेवढंच खालूनही लावा. त्यानं ओलाव्याची ये-जा मंदावते, बंद होत नाही. आणि हा बेंच पुढेमागे महाबळेश्वरला न्यायचा असेल, तर भोकं आणखी थोडी लांब ठेवा. पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथं, कोरड्या माण-खटावचा हिशेब तिथं चालत नाही.

जोडणी होईपर्यंत टॉप भिंतीला चिकटून ठेवू नका. एका अंगाला हवा लागते, दुसऱ्याला नाही, आणि तो वाकतो. आडवा ठेवा, खाली सारख्या जाडीच्या पट्ट्या घाला, दोन्हीकडून हवा खेळू द्या.