पात्र असूनही लोक सरकारी मदतीसाठी अर्ज का करत नाहीत?

‘लोकांना माहितीच नसते का?’ असं तुम्ही विचारलंय. काही अंशी तसंच आहे, पण तेवढंच असतं तर नुसत्या जाहिरातीने काम भागलं असतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात अन्नमदतीला पात्र असण्याची शक्यता असलेल्या, पण ती न घेणाऱ्या सुमारे ३०,००० वृद्धांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना काहीच कळवलं नव्हतं, त्यांच्यातले ६ टक्के नऊ महिन्यांत योजनेत आले. पत्राने माहिती दिलेल्यांपैकी ११ टक्के आले. फोनवर अर्ज भरून द्यायलाही माणूस होता, तिथे १८ टक्के. बाकीचे तरीही बाहेरच राहिले.

बरेच जण ‘हे आपल्यासाठी नाही’ असं आधीच ठरवून बसलेले असतात. स्वतःचं घर आहे, थोडी कमाई आहे, किंवा जुन्या नियमांनुसार पूर्वी एकदा अर्ज फेटाळला गेला होता. पुढे कागदपत्रं. दोन दाखल्यांवर नावाचं स्पेलिंग वेगळं निघालं की अर्ज अडलाच. ज्याची कमाई दर महिन्याला वेगळी, त्याने ‘मासिक उत्पन्न’ या रकान्यात काय लिहायचं? कमी लिहिलं तर खोटं ठरेल, जास्त लिहिलं तर अपात्र. असा माणूस फॉर्म अर्धवट सोडतो.

ही भीती उगाचची नाही. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या प्रकरणात हजारो पालकांवर फसवणुकीचा चुकीचा ठपका ठेवून मोठ्या रकमा परत मागितल्या गेल्या. त्यावरून जानेवारी २०२१ मध्ये तिथलं सरकार पायउतार झालं. हातावर पोट असलेला माणूस ‘उद्या वसुली निघाली तर कुठून आणू?’ असा विचार करत असेल, तर तो अडाणीपणा नव्हे, हिशेब आहे.

सरकारी मदत घ्यायची लाज वाटते, हा मुद्दा खरा आहे, पण माझ्या मते त्याला गरजेपेक्षा जास्त भाव मिळतो. सरसकट सगळ्यांना मिळणाऱ्या भत्त्यात तो फारसा येतच नाही.

हेलपाटे घालायला लावले की खरे गरजूच टिकतात, असा एक जुना युक्तिवाद आहे. मला तो पटत नाही. अमेरिकेत सामाजिक सुरक्षेची कार्यालयं बंद झाली, त्या भागात अपंगत्व भत्ता घेणाऱ्यांची संख्या १६ टक्क्यांनी घटली, आणि गळती जास्त झाली ती कमी शिकलेल्या, कमी कमावणाऱ्या अर्जदारांची.

नूतनीकरणाकडे तर कुणाचं लक्षच नसतं. पत्र जुन्या पत्त्यावर जातं, मुदत टळते आणि पात्र माणसाचे पैसे बंद होतात. नोंदीत मात्र ‘लाभ संपला’ एवढंच दिसतं.

तुम्हाला एखाद्या योजनेत हे तपासायचं असेल, तर नुसते आलेले अर्ज मोजू नका. किती जणांनी फॉर्म उघडला, कोणत्या रकान्यावर सोडला, त्रुटीचं पत्र गेल्यावर किती परतले, नूतनीकरणात किती गळाले, हे टप्प्याटप्प्याने काढा. ज्या टप्प्यावर गळती जास्त, तिथला कागद आधी कमी करा.