युरोपात रेल्वेने फिरताना : पास की सुटी तिकिटं?

प्रश्न : मे महिन्यात आम्ही पाच जण पॅरिस, इंटरलाकेन, व्हेनिस, फ्लोरेन्स, रोम असे बारा दिवस जाणार आहोत. आईबाबा साठीच्या पुढचे, मुलगा दहा वर्षांचा. युरेल पास घ्यावा का?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : या मार्गासाठी घेऊ नका. युरेल म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा एकच पास. दिवस आधी ठरलेले नसतील आणि एक दिवसाआड गाडी धरायची असेल, तर पास कामाचा. तुमचे लांबचे टप्पे चारच आहेत. पॅरिसहून स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला जाणारी टीजीव्ही ही वेगवान गाडी, तिथल्याच स्पीझहून मिलानला जाणारी युरोसिटी आणि इटलीतल्या वेगवान फ्रेच्चारोसा या गाड्यांना पास असला तरी जागेचं आरक्षण वेगळे पैसे भरून घ्यावंच लागतं. बारा वर्षांखालच्या मुलाला मोठ्यांबरोबर पास फुकट आहे आणि साठीपुढच्यांना दहा टक्के सवलत आहे, हे खरं. पण आरक्षणाचे पैसे मुलाचेही पडतात. टीजीव्हीत पासवाल्यांसाठी जागा मोजक्याच असतात, त्या संपल्या की पूर्ण तिकीट काढावं लागतं. इटलीतली इटालो ही खासगी कंपनी तर पास चालवूनच घेत नाही.

तेव्हा फ्रान्स आणि इटलीची तिकिटं सुटी काढा, आणि लवकर काढा. आपल्याकडे साठ दिवस आधी आरक्षण उघडतं आणि भाडं बहुधा ठरलेलं असतं. तिकडे तिकिटं साधारण तीन ते सहा महिने आधी मिळू लागतात आणि गाडी भरत जाईल तसा दर चढतो. वेटिंग लिस्ट, आरएसी हा प्रकार नाही. स्वस्त तिकीट त्याच गाडीपुरतं असतं आणि बहुतेकदा त्याचे पैसे परत मिळत नाहीत. म्हणून व्हिसा हाती येण्याआधी असली तिकिटं काढू नयेत. या तिन्ही देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तो जितका लवकर कराल तितकी तिकिटं स्वस्त पडतील. ज्या देशात मुक्काम जास्त, त्याच देशाकडे अर्ज करायचा. विमान पॅरिसला उतरणारं आणि रोमहून परतणारं घ्या, म्हणजे उलटा प्रवास वाचेल.

स्वित्झर्लंडचा हिशेब निराळा. तिथल्या रोजच्या गाड्यांना आरक्षण लागत नाही. स्विस ट्रॅव्हल पास सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. त्यात रेल्वे, बस आणि तलावातल्या बोटीही येतात. मुलाला फॅमिली कार्डावर फुकट. मात्र युंगफ्राउयोख या उंच डोंगरावरच्या स्टेशनाला जायला या पासावर २५ टक्केच सूट आहे, निम्म्या भाड्यात तिकिटं देणाऱ्या हाफ फेअर कार्डावर ५० टक्के. इंटरलाकेनमध्येच राहून तो एक मोठा डोंगर करायचा असेल, तर मोठ्यांसाठी हाफ फेअर कार्ड बहुधा स्वस्त पडतं. दोन्हींची बेरीज कागदावर मांडून पाहाच.

प्रश्न : गाडी बदलताना चुकामूक होण्याची भीती वाटते. किती वेळ हाताशी ठेवावा?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : स्वित्झर्लंडमध्ये सात-आठ मिनिटं पुरतात, कारण गाड्यांच्या वेळा एकमेकींना जुळवलेल्या असतात. दुसरीकडे निदान पाऊण तास ठेवा. पॅरिसमध्ये स्टेशनच बदलावं लागत असेल तर दीड तास. ॲमस्टरडॅमची गाडी गार द्यू नॉरला येते, बाझेलची गार द लिऑंहून सुटते. या दोहोंना आरईआर डी ही लोकल जोडते.

शक्य असेल तिथे सगळा टप्पा एकाच तिकिटावर काढा. युरोपीय संघात अशा तिकिटावर पहिल्या गाडीच्या उशिरामुळे पुढची चुकली, तर पुढच्या गाडीने पोचवण्याची जबाबदारी रेल्वेची. दोन वेगळी तिकिटं असतील तर ती तुमची. पोचायला तासाहून जास्त उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के, दोन तासांहून जास्त झाला तर ५० टक्के भरपाई मागता येते.

फ्रान्स-इटलीत फलाट गाडी सुटण्याच्या थोडंच आधी फलकावर लागतो, म्हणून फलकासमोरून हलू नका. टीजीव्हीचे दरवाजे वेळेच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. व्हेनिसची स्टेशनं दोन आहेत : मेस्त्रे हे मुख्य भूमीवरचं, कालव्याकाठचं ते सांता लुचिया. हॉटेल कुठलं ते पाहूनच तिकीट काढा. इटलीतल्या पॅसेंजर गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं असतं, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.

लोंढ्याला आपला मार्ग गोव्याकडे आणि हुबळीकडे फुटतो. इंटरलाकेनहून डोंगराकडे जाणाऱ्या गाडीत तर त्स्वायल्युचिनेन स्टेशनात गाडीच दोन तुकड्यांत वेगळी होते : एक लाउटरब्रुननला, दुसरी ग्रिंडेलवाल्डला. डब्यावरची पाटी वाचूनच चढा.

प्रश्न : शेंगेन व्हिसावरच रेल्वेने लंडनला जाता येईल का? सामान किती न्यावं?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही, ब्रिटनचा व्हिसा वेगळा. परत युरोपात यायचं असेल तर शेंगेन व्हिसाही मल्टिपल एंट्रीचा हवा. लंडनला जाणाऱ्या युरोस्टार गाडीला पासपोर्ट तपासणी स्टेशनातच होते, त्यासाठी वेळ काढून जा. सामान माणशी एक मध्यम चाकांची बॅग, स्वतःला उचलता येईल एवढीच. हमाल मिळत नाहीत आणि डब्याला पायऱ्या असतात. तूप, खवा वगैरे दुधाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून न्यायला बंदी आहे, म्हणून कुंदाही बॅगेत भरू नका. दशम्या न्यायच्या तर दूध न घालता करा. शेंगदाण्याची चटणी बरोबर चालेल.