कापडी छताच्या मोटारीची निगा

प्रश्न : आम्ही मँचेस्टरला राहतो. गेल्या वर्षी २००७ सालची माझदा एमएक्स-५ ही उघड्या छताची मोटार वापरलेली अशी विकत घेतली. ती घरासमोर झाडाखाली उभी असते. हिवाळा संपता संपता छताच्या शिवणींत हिरवट थर दिसू लागला आहे, आणि पूर्वी थेंब होऊन ओघळणारे पाणी आता कापडात मुरते. मोठ्या पावसानंतर आसनामागचा गालिचाही ओला लागतो. छत गळते आहे काय? प्रेशर वॉशरने एकदाच खसखसून धुऊन घ्यावे का?

उत्तर : प्रेशर वॉशर आधी बाजूला ठेवा. जवळून मारलेला जोरदार झोत कापडाची वीण विसकटतो, शिवणींतून पाणी आत घुसवतो आणि काचेभोवतीची जोडणी सैल करतो.

आपल्या प्रश्नात दोन निरनिराळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत. कापडी छत म्हणजे नुसते जाड कापड नव्हे. बाहेरून ॲक्रिलिकचे विणलेले कापड, मध्ये ब्यूटाइल रबराचा पातळ थर आणि आतून अस्तर, असे सर्वसाधारणपणे तीन पदर त्यात असतात. दोन कापडांमध्ये रबर घालून पाणी अडवण्याचे पेटंट ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ साली घेतले. आपण राहता त्या देशात रेनकोटला अजूनही ‘मॅक’ म्हणतात ते त्यांच्यामुळेच, आणि आपल्या मोटारीचे छत हे त्याच रेनकोटाचे भावंड आहे. पाणी अडवण्याचे खरे काम मधले रबर करते. बाहेरच्या कापडावरील जलरोधक लेप फक्त त्या कापडाला भिजू देत नाही. त्यामुळे पाणी मुरू लागले म्हणजे लेप झिजला, एवढाच अर्थ होतो. तेवढ्यावरून छत गळते असे म्हणता येत नाही. मात्र भिजलेले कापड लवकर वाळत नाही आणि शेवाळाला नेमकी तीच ओल हवी असते.

मग गालिचा कशाने भिजतो? या गाडीत छतावरून मागे ओघळलेले पाणी आसनांमागच्या पन्हळीत जमते आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून गाडीखाली जाते. पाने आणि माती साचून नळी तुंबली की तेच पाणी आत उतरते, आणि पुढे दाराखालच्या पत्र्याला आतून गंज धरतो. माझ्या मते छताला दोष देण्याआधी दर वेळी या नळ्या तपासाव्यात, कारण नवे छत घालूनही गालिचा ओलाच राहिल्याची उदाहरणे कमी नाहीत. पन्हळीत कपभर पाणी सावकाश ओतून ते खाली ठिबकते का, ते पाहा. ठिबकत नसेल तर लवचीक नायलॉनची जाड दोरी हलक्या हाताने आत सरकवावी. टोकदार तार वापरू नये, कारण तिने नळी फाटते किंवा निसटते.

धुण्यापूर्वी छत कापडाचेच आहे ना, याची खात्री करा, कारण या पिढीच्या गाड्यांना व्हिनाइलचीही छते होती. बोटाला वीण जाणवली तर कापड. गुळगुळीत, चामड्यासारखा नक्षीचा पृष्ठभाग लागला तर व्हिनाइल. व्हिनाइलला जलरोधक लेपाची गरज नसते; त्याला व्हिनाइलसाठीचेच संरक्षक द्रव्य लावावे.

कापडाची धूळ आणि पाने आधी कोरडीच झाडून किंवा व्हॅक्यूमने ओढून घ्यावीत, नाहीतर पाणी पडताच त्या धुळीचा चिखल होऊन विणीत बसतो. गाडी सावलीत आणि छत थंड असताना साध्या नळीने ते भिजवावे, छतासाठी मिळणारे सौम्य क्लीनर लावावे आणि मऊ ब्रशने विणीच्या दिशेने घासावे. शेवाळ एका वेळी निघाले नाही तर जोर न वाढवता दुसऱ्यांदा धुवावे. मेण असलेला शाम्पू टाळावा. फेस पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे आपल्याला पुरे वाटल्यानंतरही थोडे अधिक, पाणी ओतावे. कापडात राहिलेला साबण पाणी शोषून घेतो आणि मग त्यावर कोणताही लेप धरत नाही.

यानंतर छत पूर्ण वाळले पाहिजे आणि त्यासाठी एक संपूर्ण कोरडा दिवस हाताशी ठेवावा. मँचेस्टरात असा दिवस शोधावा लागतो, हे मान्य! मग काच आणि रंगवलेला पत्रा झाकून लेपाचे दोन पातळ हात द्यावेत. वाळल्यावर थोडे पाणी शिंपडून पाहावे. त्याचे टपोरे थेंब झाले की काम साधले.

प्रश्न : मुंबईत आमच्याकडे कापडी छताची मिनी आहे. पावसाळ्यात ती तळघरातील वाहनतळावर प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली असते. छताला कुबट वास येतो आणि आतून ठिपके पडले आहेत. कपड्यांच्या पावडरने धुतले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. त्या पावडरीचा अंश कापडात उरतो आणि त्याचा परिणाम वर सांगितला आहेच. ब्लीचही नको, त्याने रंग उडतो आणि शिवणीचा दोरा कमजोर होतो. ठिपके बुरशीचे आहेत आणि बुरशीचे कारण ते आच्छादन आहे, कारण प्लॅस्टिक आतली ओल आतच कोंडते. ते काढून हवा खेळती राहील असे कापडी आच्छादन घ्यावे, आणि छत ओले असताना ते कधीही दुमडू नये. पावसातून आल्यावर छत बंद ठेवूनच वाळू द्यावे. ठिपक्यांवर अस्तरासाठीचे क्लीनर अगदी थोडे, फडक्यावर घेऊन लावावे, कारण अस्तर चिंब भिजवले तर ते पुन्हा वाळवणे कठीण जाते.

लेपाचे काम जुलैत काढू नका. घरोघरी पापड-कुरडयांची वाळवणे पडतात त्या मे महिन्यातच ते उरकावे. फरक इतकाच, की छत उन्हात नव्हे, सावलीत वाळवायचे. कबुतरांची विष्ठा दिसताच ओले फडके काही मिनिटे त्यावर ठेवावे आणि मऊ झालेली घाण उचलून घ्यावी. घासली तर ती विणीत उतरते आणि डाग कायमचा राहतो.